मागच्या सीटचा पट्टा

"चाची, पट्ट्याचंच विचारतील," त्यांची वकील चंचलताई म्हणाली. "कंपनीचा वकील तेवढ्यासाठीच उभा आहे."

गडचिरोलीच्या कोर्टाच्या व्हरांड्यात रहमतबी बाकावर बसली होती. वाकडं जुळलेलं मनगट तिनं ओढणीत झाकून घेतलं होतं. समोर खांबाला टेकून तिचा मुलगा बिलाल उभा होता आणि पलीकडे सून महेक, भिंतीकडे तोंड करून.

आलापल्लीच्या रस्त्यावर सागाचे लठ्ठे भरलेला ट्रक चुकीच्या बाजूनं अंगावर आला, त्याला वर्ष होत आलं होतं. गाडी बिलाल चालवत होता. मागे रहमतबी आणि तिची नात अरीबा, सहा वर्षांची. महेक तेव्हा घरी होती. अरीबा दवाखान्यापर्यंत पोहोचली, पण ऑपरेशनच्या टेबलावरून परत आली नाही. तिच्या मातीलाही बिलाल नव्हता. खांद्याचं हाड मोडून तो दवाखान्यातच पडून होता.

ट्रकची चूक विमा कंपनीनं मान्य केली होती. तिचं म्हणणं एवढंच, की पोरीला पट्टा लावलेला नव्हता. लावला असता तर ती वाचली असती. तेव्हा दोष घरच्यांचाही.

"इकडे मागचे पट्टे सगळ्यांचेच सीटकव्हरखाली गाडलेले असतात," चंचलताई म्हणाली. "त्यावरच त्यांचा भर आहे."

"माह्या गाडीत नाई." बिलाल खांबापासून सुटला. गाड्यांची सीटकव्हरं शिवणं हाच त्याचा धंदा होता. "गिऱ्हाईक म्हणते, मागं कोण लावते, झाकून टाक. पण अरीबासाठी मी कव्हराले चीर मारून बक्कल वर काढलं होतं. शर्टाचं काज करते तसं शिवलं होतं. वरचा पट्टा तिच्या गळ्याले घासे, म्हून तो पाठीमागून घेतला. खालचा पोटावर, घट्ट. मी सोता लावला, ताई."

"माहीत आहे, भाऊ."

"मंग मले माह्या पट्ट्यानं वाचोलं, तिले काऊन नाई? सैल राह्यला असंल का?"

हे त्यानं सगळ्यांना विचारून झालं होतं. दुकानात कामाला आलेल्या गाडीत तो बसायचा, पट्टा लावायचा, ओढून पाहायचा, सोडायचा, पुन्हा लावायचा. शेजारच्या पंक्चरवाल्या इसरूनं एकदा थट्टा केली होती, "बिलालभाऊ, विमान उडवून राह्यला का?" काचेतून वळलेला चेहरा पाहिल्यावर इसरूनं पुन्हा थट्टा केली नाही.

"अम्मी सांगते ना आता," बिलाल म्हणाला. "तू पाह्यलं ना, अम्मी? खट्ट वाजलं होतं ना?"

रहमतबीनं त्याच्याकडे पाहिलं. वर्षभरात त्याच्या कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते.

"जरा पाणी आण, बेटा," ती म्हणाली.

तो गेल्यावर ती चंचलताईकडे वळली. "मी होता म्हटलं, तं पुढं काय?"

"मग पुढच्या तारखेला सर्जनसाहेबांना बोलावते. पोटातली जखम कशानं झाली, ते सांगतील. कंपनीचं तोंड बंद."

"आन् नव्हता म्हटलं तं?"

"मग त्यांना बोलावून उपयोग काय? पट्ट्याचा वाद तिथंच संपेल, भरपाई कापतील." चंचलताईनं कागदांतून मान वर केली. "असं काऊन विचारता, चाची?"

"सहज."

महेकनं भिंतीवरची नजर काढून सासूकडे पाहिलं.

कंपनीचा वकील वयस्कर होता, आवाज मऊ होता.

"मुलीला पट्टा लावला, हे तुम्ही पाहिलं?"

"पाह्यलं. माह्या पोरानं लावला."

मागच्या बाकावर बिलालनं डोळे मिटले.

"अपघाताच्या वेळीही तो लागलेलाच होता?"

रहमतबीनं चांगल्या हातानं कठडा धरला. "नाई. मी सोडला होता."

"तुम्ही?"

"पोरगी कुरकुर करे. दादीच्या मांडीवर यायचं म्हणे. चामोर्शी सुटल्यावर मी बक्कल दाबलं आन् तिले मांडीवर घेतलं."

"मुलाला सांगितलंत?"

"नाई. तो रागे भरला असता."

वकील खाली बसला. त्याला आणखी काही विचारायचं नव्हतं. चंचलताईनं फाईल मिटली.

बाहेर पायऱ्यांवर बिलाल आईच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला.

"वरीसभर मी पागल होऊन राह्यलो, आन् तू गुमान पाहत होती?"

"हो."

"कशी पाहू शकली, अम्मी?"

तिनं मनगट ओढणीत आणखी आत घेतलं.

"मले तुहं तोंड नको दावू आता."

एवढं म्हणून तो पायरीवर बसला आणि त्यानं हंबरडा फोडला. पोरगी गेल्यापासून पहिल्यांदाच. येणारेजाणारे थांबले. रहमतबीचा हात त्याच्या डोक्याकडे गेला आणि अर्ध्यावरून परत आला.

दुसऱ्या दिवशी ती भद्रावतीला, लेकीकडे जायला निघाली. पोहोचवायला बिलाल आला नाही. पिशवी घेऊन महेक आली. रस्त्यात इसरू भेटला. बिलालभाऊनं सकाळीच दुकान उघडलं म्हणाला. दारात गाडी उभी होती, पण तिच्यात बसला नाही, सरळ मशीनवर बसला. रहमतबीनं मान हलवली आणि चालत राहिली.

एसटी लागलेलीच होती. खिडकीजवळ जागा मिळाली. महेकनं पिशवी आत दिली, पण ती गेली नाही. खिडकीचा गज धरून खालीच उभी राहिली. चंद्रपूरचे प्रवासी चढत होते. कंडक्टरनं घंटी मारली.

"अम्मी."

रहमतबीनं मान खाली घातली. "बोल, बेटा. पोरगी तुही होती. जे मनात असंल ते बोल."

"कफनाआधी अरीबाले आपण दोघींनीच नाहू घातलं होतं," महेक म्हणाली. "पोटावर पट्ट्याचा काळा वळ होता, खोल रुतलेला. मले बी दिसला. तुमच्या पोराले मी बी नाई सांगणार."