कोरडे पाईप

तीन दिवस पाऊस कोसळत होता, तरी घाटातल्या कड्यावर फवारलेल्या काँक्रीटमधून पाण्याच्या निचऱ्यासाठी बाहेर काढलेला एकही पाईप ठिबकत नव्हता. इंजिनीअर सुलक्षणा सारखी वर बघत होती.

"कोरडं आहे म्हणजे चांगलंच की, मॅडम," ड्रिल चालवणारे भार्गवकाका म्हणाले.

"मग डोंगरात मुरलेलं पाणी गेलं कुठे, काका? आतच तुंबलंय ते. दाब वाढला तर ही काँक्रीटची भिंत रस्त्यावर येईल."

तिने रस्ता बंद केला. खोळंबलेल्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. साहेब फोनवर ओरडले, "कुणाला विचारून?"

"माझ्या जबाबदारीवर, सर."

काका नवं भोक पाडू लागले. दोन हात, तीन हात; काहीच नाही. चौथ्या हाताला गढूळ पाण्याची चिळकांडी उडाली आणि जोरात धार लागली.

"सकाळी याच भिंतीला टेकून चहा प्यायलो मी," काका पुटपुटले आणि न सांगताच पुढचं भोक पाडायला सरकले.