पहिल्या सत्राची आखणी

"मंगळवारी प्रयोगशाळा घेतलीस तर गणित गेलं," तेग्यू म्हणाला. "आणि गणित गेलं की पुढच्या वर्षीचं सगळंच लटकलं."

हानबीने तो चौकोन पुन्हा खोडला. वेळापत्रकाच्या कागदाला आता भोक पडायचंच बाकी होतं.

विद्यापीठाच्या चढाखालच्या कॅफेत दोघं दुपारपासून बसली होती. हानबी चुनचॉनहून पहिल्या बसने आली होती. तिकडच्या विद्यापीठात दोन वर्षं शिकताना पहाटे बेकरीत पाळी आणि संध्याकाळी विद्यापीठ बदलीच्या परीक्षेचा अभ्यास, असं करून तिने सोलमधल्या या रसायन विभागात थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळवला होता. विभागाने यंदा बाहेरून घेतलेली ती एकटीच. आईने सगळ्या गल्लीत तांदळाचे केक वाटले. आनंद करायला हानबीच्या अंगात मात्र त्राणच उरलं नव्हतं.

तेग्यू तिला नेटवर भेटला. 'पहिलं सत्र कसं आखू?' असं तिने नव्या विद्यार्थ्यांच्या गटात विचारलं, तेव्हा बाकीच्यांनी हसरे चेहरे पाठवले. त्याने पानभर उत्तर लिहिलं. वर, भेटून समजावतो म्हणाला.

"तुम्ही कुठल्या सालचे?" तिने आल्या आल्या विचारलं होतं. इथे नावाआधी प्रवेशाचं साल विचारतात. कोणापुढे किती वाकायचं, ते त्यावर ठरतं.

"वयाने मोठा आहे ना? मग दादा म्हण. साल कसलं विचारतेस!"

किती साधा माणूस, असं तिला वाटलं.

"मग गणित बुधवारी घेऊ, दादा?"

"बुधवारचे सर बाहेरून आलेल्यांना उभं करत नाहीत. तोंडावर गोड बोलतात आणि शेवटी नापास करतात." त्याने उसासा टाकला. "शिवाय तुझे पहिल्या वर्षाचे तीन विषय इथे धरणार नाहीत. पोराटोरांबरोबर परत बसावं लागेल."

"तीन? पण पत्रात तर सगळे धरू असं लिहिलंय."

"पत्रात काय, लिहितात."

"ऑफिसात विचारून येऊ का? समोरच तर आहे."

"जा की. पण पहिल्याच दिवशी कटकट करणारी म्हणून नाव पडलं तर मला सांगू नकोस."

हानबी उठता उठता परत बसली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, ती मनात म्हणाली. विषय निवडायची पाळी बाहेरून आलेल्यांना सगळ्यात शेवटी. वसतिगृहात जागा नाही. म्हणजे रोज चुनचॉनहून ये-जा, किंवा कुठेतरी खिडकी नसलेली खोली. दोन वर्षांचं काम तीन वर्षांवर जाणार. ती फार थकली होती. रडायलाही कंटाळा आला होता.

"दादा, तुमच्या ओळखीत कोणी निभावलंय हे?"

त्याने मान वर केली. त्याच्याही डोळ्यांखाली काळं होतं.

"एकजण होती. पहिल्याच सत्रात दवाखान्यात." मग हळूच म्हणाला, "जुन्या विद्यापीठातलं नाव काढलंस का?"

"नाही अजून. उद्या काढणार होते."

"बरं झालं. घाई करू नकोस."

"इथला प्रवेश आज पाचपर्यंत सोडता येतो म्हणे."

"मी काही म्हणत नाही हं. दोन वर्षं घासलीस तू." तेग्यूने कॉफी ढवळली. "पण हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असं आपली माझी आई म्हणते."

हानबी खिडकीबाहेर बघत राहिली. चढावरून पोरं हसत खाली येत होती. त्यांच्यात आपण कुठे बसतो, ते तिला काही केल्या दिसेना. तिकडे मैत्रिणी होत्या, घर होतं, झोप होती. तिने फोन काढला. विद्यापीठाचं पान उघडलं. 'प्रवेश सोडत आहे' यावर बोट ठेवलं आणि डोळे मिटून दाबलं.

"झालं," ती म्हणाली. अंगावरून ओझं उतरलं, आणि लगेच गल्लीत वाटलेले केक आठवले. "आईला काय सांगू?"

"सांग, लेक जपून ठेवली." तेग्यूने तिच्यापुढे रुमाल सरकवला. "घरी जाऊन झोप आधी. चांगली झोप."

"तुमचे उपकार कसे फेडू, दादा?"

"उपकार कसले!"

ती दारात वळून कमरेत वाकली, पुरती वाकली. बाहेर गेल्यावर काचेतूनही पुन्हा एकदा वाकली. तो उठून उभा राहिला आणि ती स्टेशनाकडे वळेपर्यंत हात हलवत राहिला.

मग खाली बसला. टेबलावरचा फोन वाजला, तसा त्याने दोन्ही हातांनी उचलला.

"तेग्यू बोलताय ना? विद्यापीठाच्या प्रवेश ऑफिसातून बोलतेय. रसायन विभागातली बदलीची जागा आत्ताच रिकामी झालीय. प्रतीक्षायादीत पहिलं नाव तुमचं आहे. प्रवेश घेणार का?"