लेकराचा अभ्यास

केमो घेऊन लातूरच्या घरी आल्यापासून हणमंतरावांना उठून बसायचंही त्राण नव्हतं, पण भेटायला येणाऱ्यांची रीघ काही थांबेना. जो येई तो त्यांना उठवून बसवी आणि आपला साडू याच आजारानं कसा गेला, ते चहा संपेपर्यंत सांगे. "डॉक्टरांनी आराम सांगितलाय," हे सुनेचं म्हणणं कुणी कानावरच घेईना.

आज रेणापूरचे पाहुणे फाटकात दिसताच सून वर्षाराणी ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "मामा, हळू बोला. घरात नीटचा अभ्यास चालूय."

"मग आधी न्हाई का सांगायचं!" मामांनी सफरचंदं तिच्या हातात दिली आणि मामीला दटावलं, "चपला हातात घे अन् चल माघारी. लेकरू अभ्यास करायलंय."

आत चौऱ्याहत्तर वर्षांचं लेकरू खुशाल घोरत होतं.