जीपच्या बॅटरीवरचे दिवे

नेमबाजीच्या मासिकातल्या माझ्या सदरासाठी आलेल्या, चिपळूणच्या एका प्रशिक्षकांच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. त्यांच्या हॉलमध्ये छऱ्याचा वेग मोजणारं यंत्र दर वेळी वेगळाच आकडा दाखवायचं. दोष रायफलीचा की यंत्राचा, असं त्यांनी विचारलं होतं. उत्तर मला ठाऊक होतं, पण फक्त पुस्तकातलं. मी कधी रायफल हातात धरलेली नाही.

आज आमच्याच क्लबात तसंच झालं. शलाकाची उद्या निवडचाचणी, आणि तिच्या रायफलीचे आकडे सारखे वरखाली होत होते. आमचे प्रशिक्षक सावर्डेकर सरांनी रायफल खोलायला पाना उचलला.

"सर, आता खोलली तर उद्यापर्यंत जुळायची नाही हो," ती रडवेली झाली.

"थांबा," मी कसाबसा म्हणालो. "ट्यूबलाइट लुकलुकतात. आपल्याला दिसत नाही, पण यंत्र त्यानं फसतं. त्या बंद करून जीपच्या बॅटरीवर दिवे लावू या."

"नाना, हेही पुस्तकातलंच व्हय?" सरांनी मला विचारलं.

"हो."

"लावा. नाहीतर पाना आहेच."

मी ट्यूबलाइट बंद करून वायरी जोडल्या. यंत्रावर दोन पिवळे दिवे लागले. शलाकानं नेम धरला. एकशे बहात्तर. पुन्हा एकशे बहात्तर. मग एकशे त्र्याहत्तर.

सरांनी पाना खाली ठेवला.

परतताना पोस्टात कार्ड घेऊन चिपळूणच्या प्रशिक्षकांना लिहिलं, "रायफल खोलू नका. ट्यूबलाइट बंद करून गाडीच्या बॅटरीवर दिवे लावा." खाली भीत भीत आणखी एक ओळ लिहिली, "मी स्वतः करून पाहिलं आहे," आणि कार्ड पेटीत टाकलं.