पाक ओतायची वेळ

वकीलबाईंनी करार दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हे कलम कोर्टात टिकायचं नाही. नोकरी सोडल्यावर तीन वर्षं दुसरीकडे साबणाचं काम करायचं नाही, असं कुणालाच बांधून ठेवता येत नाही. कायद्याला ते मान्य नाही."

मास्तरांनी करार परत घेऊन त्याची घडी घातली. सव्वीस वर्षं साबणाच्या कारखान्यात कारागीर म्हणून काढून ते मागच्याच महिन्यात बाहेर पडले होते.

"आणि साबणाची कृती?" त्यांनी विचारलं.

"ती मालकांचीच. काम कुठंही करा, पण गुपित फोडलंत तर दावा होईल. त्यातून सुटका नाही."

मास्तरांनी मान हलवली, आभार मानले आणि जिना उतरले. शर्टाच्या वरच्या खिशात एक चौघडी केलेला कागद होता. त्यावर तीच कृती, स्वतःच्या हातानं लिहिलेली. तो घेऊन ते वहिनींच्या घराकडे चालू लागले.

कारखाना चालत होता तो एका वडीवर. मधाच्या रंगाची, आरपार दिसणारी वडी. तान्ह्या बाळालाही ती झोंबत नसे. तिची सगळी करामत साखरेच्या पाकात होती. तो किती गरम असताना ओतायचा आणि मग किती वेळ थांबायचं, हे फक्त मालकांना आणि मास्तरांना ठाऊक. जरा घाई झाली की वडी दुधाळ व्हायची आणि अख्खी कढई वाया. पाक ओतायच्या वेळी मास्तर सगळ्यांना बाहेर काढून दार लावून घेत. कामगार म्हणत, मास्तर झोपेतसुद्धा तोंड दाबून घोरतात. बायको म्हणायची, तुमचं लग्न माझ्याशी झालंय की कढईशी ते एकदा सांगून टाका.

ही नोकरी त्यांना थोरल्या भावानं लावून दिली होती. तेव्हा मास्तर दोनदा नापास होऊन घरात बसलेले, आईवडील नसलेले. भाऊ त्यांना मालकांकडे घेऊन गेला. त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून स्वतः आत गेला आणि तासाभरानं येऊन म्हणाला, उद्यापासून यायचं, मन लावून करायचं.

भावाची स्वतःची एक पत्र्याची शेड होती. तिथं तो कपडे धुवायचा साबण करी. आयुष्यभर तेवढंच. अंगाचा साबण का करत नाहीस, असं कुणी विचारलं तर हसून म्हणायचा, मळ कुठलाही असो, मळच. कॉस्टिक सोड्यानं त्याच्या बोटांना बारा महिने भेगा असत.

अकरा वर्षांपूर्वी तो एका संध्याकाळी मास्तरांकडे आला. हात आता थकले म्हणाला. शेड दोघांची करू, तू ये, असं त्याचं म्हणणं.

मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. इतकी वर्षं न बोलावता आताच का? आपल्या डोक्यात काय आहे ते भावाला माहीत होतंच.

"दादा, आडून आडून कशाला?" ते म्हणाले. "कृती हवी तर सरळ कृती म्हण. पण ती मी सख्ख्या भावालाही देणार नाही."

भावानं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग 'बरं' म्हणाला, चहा संपवला आणि गेला. पुन्हा तो विषय त्यानं काढला नाही. दोन वर्षांत शेड बंद पडली. तो एका गोदामात पोती मोजायच्या कामाला लागला. दोघांचं येणंजाणं राहिलं, पण पाहुण्यांसारखं. दोन वर्षांपूर्वी तो गेला. दवाखान्यात मास्तर रोज त्याच्या उशाशी बसत, आज बोलू, उद्या बोलू म्हणत. भाऊ आपला पंख्याच्या आवाजाबद्दल तक्रार करी. मनातलं मनातच राहिलं.

वहिनी खिडकीशी बसून उशीचा अभ्रा शिवत होत्या. मास्तरांनी कागद त्यांच्यासमोर ठेवला.

"ही कृती. दादाला तेव्हाच द्यायला हवी होती. शेड वाचली असती, तोही कदाचित वाचला असता. तुम्ही हा साबण करा नाहीतर करवून घ्या. दावा झाला तर मी निस्तरीन."

वहिनींनी सुई अभ्र्यात खोचून ठेवली. चष्मा लावून त्या ओळीवर बोट ठेवत सावकाश वाचू लागल्या. एका ठिकाणी बोट थांबलं.

"पाक ओतल्यावर नव्वद मिनिटं झाकून ठेवायचं," त्या हलकेच म्हणाल्या. "बरोबर आहे, भाऊजी."

मास्तरांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "बरोबर म्हणजे? तुम्हाला कसं माहीत?"

वहिनी उठल्या. कपाट उघडून साड्यांच्या खालून त्यांनी एक पिवळा पडलेला करार काढला.

"तुम्ही त्या कारखान्यात असेपर्यंत दाखवायचा नाही, असं मला बजावलं होतं तुमच्या दादांनी," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही सुटलात."

खाली दोन सह्या होत्या, एक मालकांची आणि एक भावाची. मास्तर वरून वाचू लागले. भावानं स्वतः शोधलेली आरपार दिसणाऱ्या वडीची कृती मालकांच्या हवाली केली होती. ती तो कुणालाही सांगणार नव्हता. अंगाचा साबण स्वतः कधीही करणार नव्हता. पुढे 'मोबदला' असा शब्द होता. त्याच्यासमोर आकडा नव्हता. तिथं लिहिलं होतं, 'धाकट्या भावास कायमची नोकरी.'