रडायचं घर

"जिथं हसू फार, त्या घरी आधी जाऊन यावं," असं तिमोची दाई मरेपर्यंत सांगत होती. तिमो तिला उडवून लावायची. म्हातारे, हसणाऱ्याला काय बघायला जायचं?

लढाई हरल्याची बातमी स्पार्टात आली तेव्हा उत्सवातला नाच चालू होता. पाच कारभाऱ्यांनी तो थांबू दिला नाही. पडलेल्यांची नावं त्यांनी घरोघर कळवली आणि बायकांना ताकीद दिली, आवाज काढायचा नाही. दुसऱ्या दिवशी पडलेल्यांच्या आया-बायका धुतलेली वस्त्रं घालून चौकात आल्या, एकमेकींना हसून भेटल्या. ज्यांची माणसं वाचली होती, त्यांनी दारं लावून घेतली.

तिमोच्या नवऱ्याचं नाव कुणी कळवलं नाही. डेक्सिपोस जिवंत होता, म्हणजे पळाला होता. तीन दिवस तिच्याकडे कुणी विस्तव मागायलाही आलं नाही. तापलेल्या पोरीला मांडीवर घेऊन ती तिचा श्वास ऐकत बसायची. दाराच्या फटीतून समोरची क्लेओरा दिसायची. तिचा एकुलता एक थेरस पडला होता. ती सगळ्यांत जास्त हसत होती. कारभारी बाकीच्या बायकांना तिचंच उदाहरण देत होते. तिमोला तिचा हेवा वाटायचा. त्याची शरम वाटण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

चौथ्या दिवशी भरदुपारी क्लेओरा मागच्या दारानं आत आली. तिमोला वाटलं, तोंडावर थुंकायला आली. तिनं पोरीला छातीशी धरलं.

क्लेओराच्या चेहऱ्यावर ते हसू तसंच होतं. फक्त गाल थरथरत होते.

"तिमो, थोडा वेळ बसू दे," ती म्हणाली. "गावात रडायची मोकळीक तुझ्याच घरी आहे."

ती खाली बसली. पोरीचं पाऊल तिनं मुठीत घेतलं आणि तिच्या तोंडून आवाज फुटला. तसा आवाज तिमोनं एकदाच ऐकला होता, बाळंतपणात, स्वतःचा.

रस्त्यानं जाणाऱ्या बायका थबकल्या. "ऐकलंत का, पळपुट्याची बायको रडतेय," एकजण मुद्दाम मोठ्यानं म्हणाली. "जिवंत नवरा पचेना वाटतं." बाकीच्या खिदळल्या.

क्लेओरानं घाईघाईनं तोंडात वस्त्राचा बोळा कोंबला. तिमोनं तो हळूच काढून घेतला.

"रडा मावशी," ती म्हणाली. "मीच रडतेय."

तेव्हापासून क्लेओरा रोज दुपारी यायची. आज आलेली नाही. पोरीचा ताप उतरलेला नाही, तिला टाकून तिमोला उठता येत नाही. तुम्ही त्या बाजूला जाणार असाल, तर क्लेओराचं दार तेवढं वाजवा. सकाळी ती चौकात हसताना दिसली असं कुणी सांगितलं, तरी वाजवा.