लोर्नाच्या लग्नातला एसी

एसी पुन्हा बंद पडला होता आणि जोमार पुन्हा स्टुलावर चढला होता. खाली लोर्ना टॉर्च धरून उभी होती. नेस्तोरने प्रवासी वाहतुकीची आपली जीपनी अंगणात लावली, खोलीच्या दारातून हे पाहिलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

उन्हाळा लागल्यापासून हेच चाललं होतं. कधी गॅस संपला, कधी कपॅसिटर गेला, कधी आणखी काही. प्रत्येक वेळी जोमार बघून जायचा, आणि सामान म्हणे मनिलाहून यायचं, म्हणजे चार-पाच दिवस खोळंबा. मग जोमार पुन्हा यायचा, बक्कळ पैसे घेऊन जायचा, आणि पंधरवडा उलटायच्या आत मशीन पुन्हा गप्प. एवढ्या पैशांत नवा आला असता, असं गल्लीतली पोरंसुद्धा म्हणू लागली होती.

घरात एसी हा एकच, तोही नेस्तोर-लोर्नाच्या खोलीत. लग्नात लोर्नाच्या धर्ममातेने दिलेला. तार्लाक शहरात घरोघरी असतं तेच इथेही होतं. रात्र झाली की चटया-उशा घेऊन सगळं घर त्या खोलीत. नेस्तोरची आई नानाय पासिंग, बहीण ग्लेंडा, तिची दोन पोरं, धाकटा भाऊ बोयेत. विजेचं बिल सगळे मिळून भरत, मग गारव्यावर हक्कही सगळ्यांचा. नेस्तोर असाच वाढला होता. कुणी शेजारी घोरत नसेल तर त्याला झोप लागायची नाही. एसी बिघडला की खोलीची भट्टी व्हायची, मग जो तो आपापल्या पंख्याखाली पळायचा.

नानायचं म्हणणं सरळ होतं, की हे धूड भंगारात घाला आणि नवा आणा. बोयेतही तेच म्हणायचा. फक्त लोर्ना ऐकत नव्हती. धर्ममातेची भेट आहे, दुरुस्त होतोय, कशाला उगाच खर्च, असं काहीतरी सांगून ती विषय बदलायची.

आता सांगा, बाईमाणसाला सतत बिघडणाऱ्या एसीची एवढी माया कशासाठी? नेस्तोरला एकच उत्तर दिसत होतं, आणि ते स्टुलावर उभं राहून शीळ घालत होतं.

जोमार देखणा होता, हे नेस्तोर मनातल्या मनातही कबूल करायला तयार नव्हता. दात पांढरेशुभ्र, केसांना तेल, काम करता करता गुणगुणायची सवय. नेस्तोरला तो ‘कुया’, म्हणजे दादा म्हणायचा आणि लोर्नाला ‘आते’, म्हणजे ताई. पण असल्या ताया नेस्तोरने जीपनीत रोज पाहिल्या होत्या. जोमार यायचा त्या दिवशी लोर्ना केळ्याचे तुरोन तळायची, कालामान्सी लिंबांचं सरबत करायची. त्याला सोडायला फाटकापर्यंत जायची आणि तिथे दोघं हलक्या आवाजात बोलत उभी राहायची. परत यायची ती हसू दाबत.

बरं, तेवढ्यावरच भागत नव्हतं. एसी बिघडला की त्या संध्याकाळी ती दुसऱ्यांदा आंघोळ करायची, पावडर लावायची, केस मोकळे सोडायची. तो परपुरुष खोलीत येऊन गेला म्हणून हा नट्टापट्टा! नेस्तोरचं डोकं सणकायचं. तो उशी उचलायचा आणि जीपनीत जाऊन आडवा व्हायचा. सकाळी लोर्नाचा चेहरा पडलेला असायचा. चोराच्या मनात चांदणं, असं त्याला वाटायचं.

लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती. घरात पाळणा नव्हता. तिचं मन आपल्यात नाहीच, हे त्याने स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. ते मन परत कसं आणायचं ते काही सुचत नव्हतं. निदान जोमारचं येणं बंद करणं तरी हातात होतं.

शनिवारी तो नवा एसी घेऊनच आला. चांगला मोठा, भिंतीवरचा. दुकानाच्या माणसांनी दुपारपर्यंत बसवलाही. नानायने त्याच्यासमोर क्रूस काढला. ग्लेंडाची पोरं चटया घेऊन भर दिवसाच येऊन लोळली. दहा वर्षांची वॉरंटी आहे, हे नानाय खिडकीतून शेजारणींना ओरडून सांगत होती. लोर्ना भिंतीला टेकून नुसती बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाहून नेस्तोरला दुःखही झालं आणि आसुरी आनंदही.

जुना एसी भंगारात न्यायला त्याने मुद्दाम जोमारलाच बोलावलं होतं. जोमारने मशीन उचलून अंगणात आणलं, तसा नेस्तोर त्याच्या वाटेत उभा राहिला.

“संपलं तुझं इथलं काम,” तो म्हणाला. “आता खरं बोल. माझ्या बायकोसाठी येत होतास ना?”

जोमारने मशीन खाली ठेवलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“कुया, आईची शपथ, तसलं काही नाही. या मशीनला काहीच झालेलं नव्हतं. वायर सैल सोडून जा, आणि सामान मनिलाहून यायचंय असं सांग, हे मला आते लोर्नाच सांगायच्या. त्याचे वेगळे पैसे द्यायच्या.”

नेस्तोरने त्याची कॉलर पकडली. “चांगला चालणारा एसी ती कशाला बंद पाडेल?”

“मीही विचारलं होतं,” जोमारने खोलीकडे पाहिलं. आत जागेवरून पोरांची भांडणं चालली होती. “त्या लाजल्या. म्हणाल्या, हा चालू असला की इथे आम्ही सातजण झोपतो, बंद पडला की दोघंच.”